चंदीगडचा उघडा हात आणि दहावीचे रसग्रहण

चंदीगडच्या बागांत आणि चौकांत कोणाही व्यक्तीचा पुतळा उभारायचा नाही, असे या शहराचा वास्तुविशारद ल कॉर्बुझिए याने १९५९ साली लिहून ठेवले. ‘एडिक्ट ऑफ चंदीगड’ नावाच्या त्या छोट्या जाहीरनाम्यात शहर कसे जपावे याचे काही नियम आहेत, त्यांतला हा एक. कोणाचे स्मरण करायचेच असेल तर योग्य जागी कांस्याचा फलक लावावा, एवढीच मुभा. चौकातला अश्वारूढ पुतळा, जयंतीला हार, पुण्यतिथीला हार आणि मधल्या काळात कबुतरे, हे पाहत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हा नियम ऐकून चुकल्याचुकल्यासारखे वाटेल.

पुतळ्यांची जागा इथे खुणांनी घेतली. शहराच्या उत्तर टोकाला, शिवालिकच्या डोंगरांसमोर, सेक्टर एकमध्ये कॅपिटल कॉम्प्लेक्स आहे. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय या तीन इमारती आणि त्यांच्यामधले मोकळे, उन्हात तापणारे पटांगण. काँक्रीटच्या भिंतींजवळून चालताना मध्येच एखादा मासा दिसतो, कुठे बैल, कुठे पान, कुठे क्षितिजाखाली जाऊन पुन्हा वर येणारी सूर्याची नागमोडी वाट, कुठे हात वर केलेला माणूस. काँक्रीट ओतण्याआधी साच्यातच आकृती बसवली की साचा काढल्यावर तिचा ठसा भिंतीत उरतो, तसे हे ठसे आहेत. तीच चित्रे न्यायालयातल्या पडद्यांवर आहेत, विधानसभेच्या दारावर आहेत आणि पॅरिसमध्ये छापलेल्या एका कवितेच्या पुस्तकातही आहेत.

दहावीत कवितेचे रसग्रहण केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटायला हवे. एखादी प्रतिमा कवितेत एकदा येते तेव्हा ती नुसती सजावट असू शकते. तीच पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जागी आली, की वाचकाने थांबून विचारायचे असते : इथे का? आणि मागच्या वेळेपेक्षा वेगळे काय झाले? लोककथांच्या अभ्यासात अशा फिरून येणाऱ्या घटकाला कल्पनाबंध म्हणतात. कॅपिटल कॉम्प्लेक्स हे अशा कल्पनाबंधांचे मोठे भांडार आहे, आणि त्याचा इतिहास इमारतींच्या इतिहासाइतकाच वह्यांचा, पत्रांचा आणि एका कवितेचा इतिहास आहे.

सुरुवात मात्र गरजेतून झाली. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकन नियोजक अल्बर्ट मेयर आणि पोलिश वास्तुविशारद माथ्यू नोविकी यांनी केला. ऑगस्ट १९५० मध्ये नोविकीचा विमान अपघातात मृत्यू झाला. मग पंजाब सरकारचे पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा युरोपात गेले आणि त्यांनी कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जनरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य यांना गाठले. फेब्रुवारी १९५१ मध्ये कॉर्बुझिए पंजाबात आला. भारतीय वास्तुविशारदांच्या पहिल्या फळीत एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, उर्मिला यूली चौधरी यांच्याबरोबर ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही नावे आढळतात. शहर उभारण्याच्या कहाण्यांत ती फारशी भेटत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहिली. पॅरिसच्या कचेरीतही एक पुणेकर होता. १९२७ साली पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी १९५१ पासून काही वर्षे तिथे चंदीगडच्या आणि अहमदाबादच्या नकाशांवर काम करत होते.

खुणांची कल्पना मुळात कॉर्बुझिएची नव्हती, निदान तो स्वतः तसे सांगे. चंदीगडच्या विश्रामगृहाच्या हिरवळीवर एका संध्याकाळी चौघे बसले असताना जेन ड्रूने सुचवले, की तुमच्या विचाराच्या मुळाशी ज्या खुणा आहेत त्या या कॅपिटलच्या मधोमध उभ्या करा. त्या कोणत्या? प्रमाणांसाठी बेतलेला ‘मॉड्युलर’ माणूस, ज्याची उंची १.८३ मीटर आणि वर केलेल्या हाताची उंची २.२६ मीटर. चोवीस तासांच्या दिवसाची सूर्यरेषा. उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या अयनबिंदूंचा खेळ. सावल्यांचा मनोरा. आणि उघडा हात.

या सगळ्यांना एकत्र बांधणारे पुस्तक त्याच सुमारास तयार होत होते. ‘काटकोनाची कविता’ असे त्याचे मराठी नाव होईल. १९४७ पासून कॉर्बुझिए ती लिहीत आणि रंगवत होता. तेरियाद या प्रकाशकाने ती १९५५ साली पॅरिसमध्ये काढली. मजकूर छापील टाइपातला नाही, कवीच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला आहे, सोबत शिळाछापाची रंगीत चित्रे. कवितेची एकोणीस प्रकरणे सात ओळींत मांडलेली, प्रत्येक ओळीला एक अक्षर आणि एक रंग. वरच्या ओळीत निसर्ग, सूर्य, पाणी. खाली येता येता माणूस, देह. सहाव्या ओळीत एकटा उघडा हात. आणि सर्वांत खाली काटकोन. विक्रीसाठीच्या प्रती जेमतेम अडीचशे. कविता फार थोड्यांच्या हाती गेली. ज्या वर्षी ती निघाली त्याच वर्षी मार्चमध्ये पंडित नेहरूंनी चंदीगडच्या उच्च न्यायालयाचे उद्घाटन केले. कवितेची मोठी आवृत्ती काँक्रीटमध्ये निघाली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

आता त्यांतली एक खूण जरा नीट वाचू. सूर्य घ्या. कवितेत तो आरंभीच येतो, माणसाच्या दिवसाचा धनी म्हणून. विधानसभेच्या मोठ्या दारावर तो पुन्हा येतो. हे दार फ्रान्सची भेट. सुमारे साडेसात मीटर रुंद, तेवढेच उंच, दोन्ही बाजूंना मिळून ११० पोलादी पत्रे, आणि त्यांवर भट्टीत भाजलेला मिनाकारीचा रंग. फ्रान्समधल्या ल्वीन गावी झां मार्ताँच्या कारखान्यात कॉर्बुझिएने ते स्वतः रंगवले. त्यावर सूर्याच्या वाटा आहेत, झाड आहे, नदी आहे, मासा, कासव, साप, पक्षी आणि बैल आहेत. हे दार एरवी बंद असते, समारंभापुरते उघडते. आमदार बाजूच्या दाराने ये-जा करतात. आपल्या विधिमंडळांत दारे उघडण्यावरून जे वाद होतात ते पाहता यात काही सुचवायचे असेल का, असा खवचट प्रश्न मनात येतोच.

पण सूर्याची खरी गंमत दारावर नाही. चित्रातल्या सूर्याच्या पलीकडे, त्याच इमारतींच्या दर्शनी बाजूंवर काँक्रीटच्या उभ्या-आडव्या खोल चौकटी आहेत. मे महिन्याचे पंजाबी ऊन आत येऊ नये म्हणून. सुमारे २५४ मीटर लांबीचे सचिवालय तर जवळजवळ पूर्णपणे या चौकटींचेच बनले आहे. पटांगणातला सावल्यांचा मनोरा याच गणिताचा उघडा प्रयोग आहे : सूर्य कधी, कोणत्या कोनातून येतो आणि त्याला कसे अडवायचे. म्हणजे एका भिंतीवर सूर्याची पूजा आणि दुसऱ्या भिंतीवर सूर्याचा बंदोबस्त. साहित्यात हा विरोध आढळला असता तर मास्तरांनी ‘विरोधाभास अलंकार’ असे समासात लिहून गुण दिले असते.

बैलाचेही तसेच. १९५१ च्या पहिल्या फेरीपासून कॉर्बुझिएच्या खिशातल्या वह्यांत गाई, बैल, त्यांची शिंगे यांची चित्रे दिसू लागतात. अशा ७३ वह्या त्याने आयुष्यभरात भरल्या. त्यांत खेड्यातल्या खाटा, चाके, बायकांच्या डोक्यावरचे घडे, हिशेब, मध्येच कोणावरचा तरी राग असे सगळे एकत्र आहे. विधानसभेच्या ओसरीचे छप्पर शिंगांसारखे वर वळलेले आहे. व्यवहारात ती एक अजस्र पन्हळ आहे, पावसाचे पाणी वाहून नेणारी. प्रतिमा आणि पाणी एकाच वळणात बसवणे हे कौशल्य मोठे, आणि ते वहीतल्या टिपणावाचून जमले नसते.

प्रतिमा सगळ्यांना पटतात असेही नाही. न्यायालयाच्या दालनांत काँक्रीटमुळे आवाज घुमू नये म्हणून कॉर्बुझिएने नऊ मोठे पडदे आखले. मुख्य न्यायमूर्तींच्या दालनातला १४४ चौरस मीटरचा, बाकीचे आठ प्रत्येकी ६४ चौरस मीटरचे. काश्मीरच्या विणकरांनी ते विणले. त्यांवर ढग, वीज, सूर्य, पावले, तराजू. काही न्यायमूर्तींना हे रुचले नाही आणि कुरबुर झाली. न्यायासनामागे साप आणि वीज कशाला, या प्रश्नात तथ्य आहेच. कवीची खासगी पुराणकथा सरकारी भिंतीवर टांगली, की वाचकालाही बोलण्याचा हक्क मिळतो. नेहरूंनी तो हक्क आणखी ठामपणे बजावला होता. पटांगणाच्या टोकाला कॉर्बुझिएला राज्यपालांचा महाल बांधायचा होता. लोकशाहीत राज्यपालासाठी एवढा थाट शोभत नाही, असे नेहरूंचे मत पडले. महाल झाला नाही. कॅपिटलच्या मस्तकाची जागा आजही रिकामी आहे.

राहिला हात. या सगळ्या खुणांत त्याचाच इतिहास सर्वांत लांब आणि चुटपुट लावणारा आहे.

१९३८ साली पॉल वायां-कुतुरिए या फ्रेंच नेत्याच्या स्मारकासाठी कॉर्बुझिएने केलेल्या आराखड्यात मोठा उघडा हात आहे. ते स्मारक झाले नाही. महायुद्ध संपल्यावर हात पुन्हा त्याच्या चित्रांत येतो, हळूहळू पक्ष्यासारखा होतो, अंगठा आणि बोटे पंखांसारखी पसरतात. कवितेत तो ‘अर्पण’ या शीर्षकाखाली येतो : देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही. चंदीगडला तो वाऱ्यावर फिरणारा असावा, धातूच्या पत्र्याचा असावा, त्याच्या पायथ्याशी जमिनीत खोल बैठक असावी आणि तिथे बसून लोकांनी सार्वजनिक प्रश्नांवर बोलावे, असा बेत होता. कॉर्बुझिए यासाठी नेहरूंना वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिला. पैसा नव्हता. नेहरू १९६४ साली गेले. ऑगस्ट १९६५ मध्ये भूमध्य समुद्रात पोहताना कॉर्बुझिएचा मृत्यू झाला. त्याआधी काही आठवडे त्याने जे आत्मपर टिपण पुरे केले होते, त्यातही हा हात आहे.

हात प्रत्यक्ष उभा राहिला १९८५ मध्ये. भाक्रा-नांगल धरणाच्या नांगल इथल्या कारखान्यात तो घडवला. उंची २६ मीटर. वर्ष लक्षात घ्या. आदल्या वर्षी सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई, इंदिरा गांधींची हत्या, दिल्लीतले शिखांचे शिरकाण. १९८५ च्या जुलैमध्ये पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली नेते संत हरचंदसिंग लोंगोवाल यांचा करार झाला, त्यात २६ जानेवारी १९८६ रोजी चंदीगड पंजाबला द्यायचे ठरले. ऑगस्टमध्ये लोंगोवालांची हत्या झाली. जानेवारीत चंदीगड पंजाबला मिळाले नाही, अजूनही मिळालेले नाही. १ नोव्हेंबर १९६६ पासून ते पंजाब आणि हरियाणा या दोघांची राजधानी आहे आणि स्वतः केंद्रशासित आहे. दोन्ही राज्यांच्या विधानसभा एकाच इमारतीत भरतात. देण्याघेण्याची खूण अशा शहरात उभी आहे, ज्याचे देणे-घेणे सुमारे साठ वर्षे अडून आहे. हा अर्थ कॉर्बुझिएच्या कुठल्याही वहीत सापडणार नाही. तो इतिहासाने नंतर चिकटवला.

पुढे ३१ ऑगस्ट १९९५ रोजी पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची सचिवालयासमोर बॉम्बस्फोटात हत्या झाली. त्यानंतर तारा, अडथळे, बंदूकधारी जवान आले. ज्या बैठकीत नागरिकांनी मोकळेपणी वाद घालायचा होता, तिथे नागरिकाला सहज पोचणेच कठीण झाले. तोच हात मात्र चंदीगड प्रशासनाचे बोधचिन्ह म्हणून सरकारी कागदोपत्री शहरभर फिरतो. काँग्रेसच्या पंजाशी त्याचा काही संबंध नाही, हे येणाऱ्या पाहुण्याला अधूनमधून सांगावे लागते.

आता मराठी वर्गाकडे वळू. महाराष्ट्राच्या दहावीच्या २०१८ च्या ‘कुमारभारती’त दोन कविता अशा आहेत, ज्यांत हात मध्यभागी आहे. नारायण सुर्वे यांच्या ‘दोन दिवस’मध्ये हात हीच कामगाराची सारी मालमत्ता आहे, आणि ती गरिबीत अडकून पडलेली, ते हात कधी वर उठलेले दिसतात, कधी छाटलेले. आसावरी काकडे यांच्या ‘खोद आणखी थोडेसे’मध्ये मिटलेल्या मुठीपेक्षा उघडलेली ओंजळ श्रीमंत ठरते. याशिवाय विंदा करंदीकरांची ‘घेता’ पिढ्यान्‌पिढ्या शाळांत पाठ झालेली : घेणाऱ्याने अखेर दात्याकडून त्याचे हातच मागून घ्यावेत, असा तिचा शेवट. तीन कवी, तीन हात. सुर्व्यांचा हात राबणारा, काकडेंचा भरून घेणारा, विंदांचा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारा. त्यांच्या शेजारी चंदीगडचा २६ मीटरचा हात ठेवला तर विद्यार्थी काय लिहील?

गाईडमधले उत्तर ठरलेले आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद, शेवटी ‘कवीने मानवतेचा संदेश दिला आहे’. उघड्या हाताचे रसग्रहणही असेच लिहिता येईल : शांतता, सलोखा, विश्वबंधुत्व. माहितीफलकांवर साधारण तेच असते. त्यातले काही खोटे नाही, पण त्यात वाचनही नाही. प्रतिमा १९३८ मध्ये स्मारक होती, १९५५ मध्ये कविता, १९८५ मध्ये रक्ताळलेल्या पंजाबातला धातूचा पत्रा आणि आज बोधचिन्ह. प्रत्येक जागी तिचा अर्थ थोडा सरकला. हे सरकणे पकडले तर रसग्रहण झाले. ‘स्वमत’ आणि ‘अभिव्यक्ती’ या प्रश्नांची जागा त्यानंतरची : माझ्या घरात कोणाचा हात मला आठवतो, तो काय देत होता, काय मागत होता. आईच्या हाताला आलेले घट्टे किंवा आजोबांची जपमाळ यांवर दोन पाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला मुलगा सुर्व्यांची कविता जास्त जवळून वाचतो, हे वर्गात मन लावून शिकवणारे शिक्षक जाणतात. विश्लेषण आधी की आत्मपर लेखन आधी, हा वाद पोकळ आहे. कॉर्बुझिएच्या वह्यांत दोन्ही एकाच पानावर होती.

कॅपिटलला लागूनच आणखी एक पाठ आहे, तो विसरून चालणार नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ता निरीक्षक नेक चंद यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जवळच्या राखीव जंगलात, कोणाला न सांगता, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, पाडलेल्या घरांचा राडारोडा यांतून माणसे, माकडे, मोर, राण्या यांची फौज उभी केली. सत्तरच्या दशकात अधिकाऱ्यांना ती सापडली, आणि पाडून टाकण्याऐवजी १९७६ साली रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी खुली झाली. पुतळ्यांना मनाई करणाऱ्या शहरात शेकडो पुतळे! नियम तांत्रिकदृष्ट्या मोडला नाही, कारण त्यांतला एकही कोणा थोर व्यक्तीचा नाही. कॉर्बुझिएच्या खुणा कळायला त्याची कविता माहीत असावी लागते. नेक चंदच्या मूर्ती कळायला घरात कधी बशी फुटलेली असली की पुरे. या लेखकाला कौतुक दोघांचे आहे, पण मुलांनी कोणापासून सुरुवात करावी असे विचारले तर उत्तर नेक चंद.

जुलै २०१६ मध्ये युनेस्कोने सात देशांतल्या कॉर्बुझिएच्या सतरा वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कॅपिटल कॉम्प्लेक्स आहे. त्यानंतर परिसर पाहणे थोडे सोपे झाले आहे. महाराष्ट्रातून शिमला-मनालीला जाणाऱ्या कितीतरी शालेय आणि कौटुंबिक सहली चंदीगडला थांबतात, रॉक गार्डन आणि सुखना तलाव पाहून निघतात. पलीकडचे पटांगण मात्र राहून जाते. चंदीगडच्या पर्यटन विभागाकडून मार्गदर्शकासह फेरी निघते, तिच्यासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते. सहल ठरवणाऱ्या शिक्षकांनी तिची चौकशी आधी करावी, मुलांना निघण्यापूर्वी ‘दोन दिवस’ आणि ‘खोद आणखी थोडेसे’ पुन्हा एकदा वाचायला द्याव्यात, आणि तिथे मोबाइलसोबत एक कोरी वही न्यायला सांगावे.